वादी फुकीनची भाजी आणि रेषेपलीकडचे गिऱ्हाईक

तलाठ्याने पीकपाहणीत तुमच्या गटापुढे ‘पडीक’ असा शेरा मारला, तर तुमचे काय बिघडते? पीककर्जाला थोडी अडचण येईल, एखादे अनुदान हुकेल, सोसायटीचा सचिव दोन हेलपाटे जास्त घालायला लावील. पण जमीन तुमचीच राहते. पोरगा शहरातून परत आला की पुन्हा नांगर घालता येतो. पॅलेस्टाइनच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखात, शेतकऱ्याला ही मुभा नाही. तिथे शेत सलग तीन वर्षे पडीक राहिले, की ते ‘सरकारी जमीन’ ठरण्याचा रस्ता मोकळा होतो.

एवढे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढची हकिकत नीट उलगडेल. हकिकत तशी साधी आहे. एका गावाची भाजी, शेजारच्या गावचे गिऱ्हाईक, आणि दरवर्षी जैतुनाच्या तोडणीला दूरदेशांतून येणारी माणसे. वर्तमानपत्रात पॅलेस्टाइन म्हटले की रणगाडे, स्फोट आणि पुढाऱ्यांचे हस्तांदोलन एवढेच दिसते. तिथला शेतकरी क्वचितच दिसतो. आज त्याच्या बांधावर जाऊ या.

तुर्कांच्या दप्तरातला कायदा

हा तीन वर्षांचा नियम मुळात इस्रायलने केलेला नाही. तो 1858 चा, ऑटोमन तुर्क सुलतानाच्या अमदानीतला आहे. सुलतानाला सारा हवा होता, आणि जमीन पडून राहिली तर सारा कुठून येणार? म्हणून कायद्यात लिहिले की, दहा वर्षे जमीन कसली तर कसणाऱ्याचा हक्क पक्का. आणि सबळ कारण नसताना तीन वर्षे पडीक ठेवली तर हक्क गेला. पुढे तुर्क गेले, इंग्रज आले, इंग्रज गेले, जॉर्डनचे राज्य आले. 1967 च्या युद्धात हा मुलूख इस्रायली लष्कराच्या ताब्यात गेला. कायदा मात्र जिथल्या तिथे राहिला.

सुरुवातीला ज्यू वसाहतींसाठी ‘लष्करी गरज’ म्हणून जमिनी घेतल्या जात. 1979 मध्ये एलोन मोरे या वसाहतीच्या खटल्यात इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने ती वाट अडवली. मग सरकारी वकिलांनी जुन्या दप्तरातून सुलतानाचा कायदा झटकून बाहेर काढला. त्याच्या आधाराने पुढच्या काळात नऊ लाख दुनमांच्या आसपास जमीन सरकारी म्हणून जाहीर झाली. दुनम म्हणजे हजार चौरस मीटर. आपल्या हिशेबाने जवळजवळ दहा गुंठे.

त्यात आणखी एक गोम आहे. 1968 मध्ये लष्करी हुकमाने जमिनीची मोजणी आणि नोंदणी थांबवण्यात आली. तोवर जेमतेम एक तृतीयांश जमिनीची पक्की नोंद झाली होती. बाकीच्यांजवळ काय? आजोबांच्या नावच्या साऱ्याच्या पावत्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची साक्ष. मे 2025 मध्ये इस्रायली मंत्रिमंडळाने ही नोंदणी आपल्या हाताने पुन्हा सुरू करण्याचे ठरवले, तेव्हा तर शेतकऱ्याच्या पोटात गोळाच आला. तलाठी-ग्रामसेवक मंडळींना वेगळे सांगायला नको, की जिथे कागद अपुरा असतो तिथे सर्वांत बोलका पुरावा म्हणजे उभे पीक.

म्हणून तिथे शेती परवडते की नाही हा नुसता पोटापाण्याचा प्रश्न राहत नाही. भाजीला भाव मिळाला नाही, पोरे मजुरीला गेली, शेत पडले, की तीन वर्षांनी शेतच जाण्याची भीती. आपल्याकडे तोट्यातली शेती माणसाला कर्जात नेते. तिकडे ती सरळ जमिनीवरून उठवू शकते.

झऱ्यांचे गाव

बेथलेहेम हे नाव तुम्ही येशू ख्रिस्ताचे जन्मगाव म्हणून ऐकले असेल. त्याच्या पश्चिमेला सात-आठ किलोमीटरवर वादी फुकीन नावाचे खेडे आहे. वादी म्हणजे दरी. वस्ती हजार-दीड हजाराची. दरीच्या दोन्ही अंगांना झरे आहेत आणि झऱ्यांखाली हौद. झऱ्याचे पाणी हौदात साठवायचे, मग पाटाने वाफ्यांना सोडायचे, आणि प्रत्येक घराने आपली पाळी सांभाळायची. दरीच्या तळाला फ्लॉवर, कोबी, मुळा, कांदा, घेवडा. वर उतारावर दगडी ताली आणि तालींवर जैतून, अंजीर, द्राक्षे. मोटर नाही, बिल नाही. तुकडे लहान, काही तर आपल्या परसबागेएवढे.

पाण्याच्या पाळीची ही पद्धत त्या डोंगरात फार जुनी आहे. जवळच्याच बत्तीर गावात आठ कुळे आहेत, म्हणून तिथे पाण्याचा आठवडा आठ दिवसांचा! रोज एका कुळाची पाळी. हौदात खुणा केलेली काठी उभी करून पाणी मोजायचे आणि वाटून घ्यायचे. पाळीवरून डोकी फुटलेली आपण इथे पाहतो, म्हणून हा आठ दिवसांचा आठवडा मला मोठा शहाणपणाचा वाटतो. या ताली आणि हे पाट पाहूनच युनेस्कोने 2014 मध्ये बत्तीरला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

वादी फुकीनच्या वाट्याला मात्र वनवास आला. 1949 मध्ये इस्रायल आणि जॉर्डन यांच्यात शस्त्रसंधीची रेषा आखली गेली, ती गावाला अगदी खेटून. त्यानंतरच्या काही वर्षांत हल्ले झाले, घरे पाडली गेली, गाव रिकामे झाले. पुष्कळ कुटुंबे बेथलेहेमजवळच्या धेईशे निर्वासित छावणीत गेली. गंमत म्हणा की जिद्द म्हणा, माणसे छावणीत राहत आणि चालत येऊन शेत बघून जात. 1972 मध्ये त्यांना परत येऊन घरे बांधायला परवानगी मिळाली. उठवलेले गाव पुन्हा वसले अशी उदाहरणे त्या मुलखात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नाहीत. गावातली जुनी माणसे याचे श्रेय शेतालाच देतात. कसत राहिलो म्हणून परत आलो, असे त्यांचे म्हणणे.

आज गावाच्या पूर्वेच्या टेकडीवर बेतार इल्लित ही ज्यू वसाहत आहे. ती 1980 च्या दशकात सुरू झाली आणि आता साठ हजारांहून जास्त वस्तीचे शहर झाली आहे. तिथले सांडपाणी खाली वादी फुकीनच्या शेतात उतरल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू आहेत. वर शहर आणि खाली मळा असला की काय होते, हे नाल्याकाठच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. पश्चिमेला, 1949 च्या रेषेपलीकडे, इस्रायलच्या हद्दीत त्सुर हदासा नावाचे टुमदार गाव आहे. आपली हकिकत सुरू होते ती या पश्चिमेकडच्या शेजाऱ्यांपासून.

भाजी घ्यायला आलेले शेजारी

2001 मध्ये इस्रायली, पॅलेस्टिनी आणि जॉर्डनी कार्यकर्त्यांच्या एका पर्यावरण संस्थेने ‘चांगले पाणीशेजारी’ अशा अर्थाचा एक उपक्रम हाती घेतला. इकोपीस हे त्या संस्थेचे नाव. मधली काही वर्षे ती फ्रेंड्स ऑफ द अर्थ मिडल ईस्ट म्हणून ओळखली जाई. कल्पना अशी, की रेषेच्या दोन बाजूंची दोन गावे एकाच पाण्यावर जगत असतील तर त्यांची जोडी लावायची. राजकारणाचे राजकारणी बघतील; आधी झरा कुठून भरतो ते दोघांनी मिळून बघा. वादी फुकीनची जोडी लागली त्सुर हदासाशी.

काळ वाईट होता. दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटलेला. बसमध्ये बॉम्ब फुटत होते, गावांना लष्कराचे वेढे पडत होते. अशा वेळी शेजारच्या गावात जायचे म्हणजे दोन्हीकडच्या लोकांच्या नजरा झेलाव्या लागत. तरी काही घरे गेली. आधी शाळेतली मुले, मग शिक्षक, मग पाण्याच्या पाहणीला आलेले. शाळेच्या छतावरचे पावसाचे पाणी कसे साठवायचे इथपासून बोलणे सुरू झाले. आणि एकदा माणूस मळ्यात उतरला की ताजा फ्लॉवर हातात घेतल्याशिवाय परत जाईल काय? त्सुर हदासाची कुटुंबे वादी फुकीनहून भाजी घेऊ लागली.

आता वाचकहो, या भाजी घेण्याचे मोल समजून घ्या. एक काळ असा होता की या डोंगरातल्या बायका टोपल्या घेऊन थेट जेरुसलेमच्या बाजारात बसत. 1990 च्या दशकात परवाने आणि नाकी आली आणि तो बाजार दुरावला. उरला बेथलेहेमचा बाजार. तिथे इस्रायलच्या मोठ्या, पाणी-वीज-अनुदानावर पोसलेल्या शेतीचा स्वस्त माल आधीच येऊन पडलेला. दहा-वीस गुंठ्यांवर, झऱ्याच्या पाण्यावर पिकवलेला कोबी त्याच्यापुढे काय टिकणार? अशा वेळी दारात येऊन, मधला दलाल वगळून, रोख पैसे मोजणारी घरे मिळाली, तर घरातल्या एका तरी पोराला मळ्यात राहणे परवडते. पोरगा मळ्यात म्हणजे वाफा ओला. वाफा ओला म्हणजे ‘पडीक’ हा शेरा नाही.

शेजारी भाजीपुरते थांबले नाहीत. याच काळात इस्रायल सरकारने आखलेली सुरक्षा भिंत वादी फुकीन आणि त्सुर हदासा यांच्यामधून जाणार होती. त्सुर हदासाच्या रहिवाशांनी तिच्याविरुद्ध सह्या गोळा केल्या. त्यांचा मुद्दा निव्वळ प्रेमाचा नव्हता, पाण्याचाही होता. डोंगर खणला, वरच्या टेकड्या सिमेंट-डांबराने झाकल्या, तर पावसाचे पाणी जिरणार कुठे आणि झऱ्यात येणार कुठून? पाणलोटाचे काम केलेल्या गावांना हा हिशेब पाठ असेल. बत्तीरच्या बाबतीत हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गावकऱ्यांच्या बरोबरीने ही संस्थाही तिथे अर्जदार होती. निसर्ग संरक्षणाचे काम पाहणाऱ्या सरकारी खात्यानेसुद्धा भिंतीने तालींची हानी होईल असे सांगितले, आणि जानेवारी 2015 मध्ये तिथल्या भिंतीचे काम थांबले.

जैतुनाचा हंगाम

भाजी तळाच्या शेताची झाली. वरच्या उतारावरचे खरे पीक जैतून, म्हणजे ऑलिव्ह. जैतुनाचे आपल्या आंब्यासारखे आहे; एक साल भरघोस, पुढचे साल हलके. तोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. झाडाखाली चादरी अंथरायच्या, हाताने किंवा छोट्या फणीने फळ ओरबाडून खाली पाडायचे, आणि शक्य तितक्या लवकर घाण्यावर न्यायचे. फळ तापून पडले की तेलाला आंबूस वास लागतो आणि भाव उतरतो. सगळे काम घरच्या माणसांचे. शाळासुद्धा त्या दिवसांत ओस पडतात.

वसाहतींच्या जवळ ज्यांची झाडे आहेत त्यांची अडचण वेगळी. तिथे जायला लष्कराची परवानगी लागते आणि ती वर्षाकाठी मोजक्या दिवसांची मिळते. शंभर झाडे आणि तीन दिवस! घरची सहा माणसे किती तोडणार? राहिलेले फळ झाडावर सुकते. शिवाय वसाहतीतले काही तरुण येऊन मारहाण करतात, झाडे तोडतात, गोण्या पळवतात. या दोन कारणांसाठी बाहेरची माणसे हवी असतात. एक तर हात वाढतात. दुसरे म्हणजे परका, त्यातून कॅमेरावाला, साक्षीदार समोर असला की काठी उगारणारा हात थोडा आखडतो. नेहमीच नव्हे, पण थोडा.

यात इस्रायली माणसेही आहेत हे मुद्दाम सांगितले पाहिजे. मानवी हक्कांसाठी काम करणारी ज्यू धर्मगुरूंची एक संघटना 1988 पासून आहे. त्यातले रब्बी दरवर्षी स्वयंसेवक घेऊन तोडणीला जातात आणि अनेकदा त्यांनीही मार खाल्ला आहे. त्यांच्या आणि पाच गावांच्या अर्जावर जून 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: दंगा होईल म्हणून शेतकऱ्याला शेतातून हटवणे हा उपाय नव्हे, लष्कराने शेतकऱ्याला संरक्षण दिले पाहिजे. निकाल उत्तम. अंमलबजावणीबद्दल काय सांगावे? न्यायालयाचा हुकूम घेऊन तहसीलमध्ये चकरा मारलेल्या माणसाला ते कळेल.

बेथलेहेमजवळच्या बेत साहूर येथून वायएमसीए आणि वायडब्ल्यूसीए या ख्रिस्ती संस्थांची जैतून मोहीम चालते. परदेशातले गट रोपांचे पैसे देतात आणि फेब्रुवारीत येऊन रोपे लावतातही. रोपे कोणाला द्यायची? ज्याची जमीन जाण्याच्या बेतात आहे त्याला आधी. मला यातली निवड आवडली. आपल्याकडे वृक्षारोपण म्हणजे पुढाऱ्याच्या सोयीचा खड्डा!

दूरचे दोस्त

अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या काही मंडळींनी ‘फ्रेंड्स ऑफ वादी फुकीन’ असा गटच काढला आहे. ही माणसे गावात येऊन राहतात, छोट्या उद्योगांना भांडवल जमवतात, आणि परत गेल्यावर आपल्या खासदारांच्या मागे लागतात. इंग्लंडमध्ये लंडनच्या कॅम्डन भागातल्या लोकांनी 2005 मध्ये जेरुसलेमजवळच्या अबू दीस गावाशी मैत्रीसंघ जोडला. अशी बरीच नावे आहेत.

पण धंद्याच्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण तेलाचे आहे. 2004 मध्ये ब्रिटनमधल्या काही स्वयंसेवकांनी ‘झैतून’ नावाची संस्था काढली. पॅलेस्टिनी शेतकऱ्यांचे तेल मागवायचे आणि चर्चचे सभागृह, मशीद, मित्रमंडळी, कॉलेजे अशा ठिकाणी बाटल्या विकायच्या. त्याच साली उत्तरेकडे जेनीनजवळ नासिर अबूफरहा या अमेरिकेत शिकलेल्या मानववंशशास्त्रज्ञाने गावोगावच्या उत्पादकांना एकत्र करून कॅनान फेअर ट्रेड ही कंपनी उभी केली. तोवर शेतकरी तेल डब्यात भरून, दर्जा न तपासता, येईल त्या भावाने विकत होता. आता घाणा केव्हा चालवायचा, तेल कशात साठवायचे, आम्लता किती चालेल, हे ठरले. 2009 मध्ये या तेलाला फेअरट्रेडचे चिन्ह मिळाले. हे चिन्ह मिळालेले जगातले पहिले ऑलिव्ह तेल पॅलेस्टिनी शेतकऱ्यांचे होते. या पद्धतीत किमान भाव ठरलेला असतो आणि वर थोडी रक्कम सहकारी संस्थेच्या कामासाठी मिळते. म्हणजे कोणी दया म्हणून बाटली घेतली असेल पहिल्या वर्षी; दहाव्या वर्षी तेल चांगले म्हणूनच घ्यावी लागते.

माझ्या मते दान आणि गिऱ्हाइकी यांतला फरक इथे आहे. दान देणाऱ्याचा उत्साह दोन वर्षांत ओसरतो आणि गावात फलक तेवढा उरतो. गिऱ्हाईक मात्र पुढच्या हंगामात पुन्हा येते, मालात खोट असली तर तोंडावर सांगते. शेतकऱ्याची मान त्यात ताठ राहते.

सगळे पॅलेस्टिनी या मैत्रीवर खूश आहेत असे मात्र समजू नका. इस्रायलींबरोबर एकत्र उपक्रम करणे म्हणजे ताबा मान्य केल्यासारखे आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. चहा पिऊन शेजारी रात्री आपल्या घरी जातो; नाक्यावर रांगेत उभा राहतो तो वादी फुकीनचाच माणूस.

आणि मैत्रीचे बळ कुठे संपते तेही गावाने पाहिले आहे. 31 ऑगस्ट 2014 रोजी इस्रायलने बेथलेहेमच्या पश्चिमेची सुमारे 4,000 दुनम, म्हणजे जवळपास हजार एकर जमीन एका दिवसात सरकारी जाहीर केली. पाच गावांची जमीन त्यात होती, वादी फुकीन त्यांपैकी एक. हरकतीला मुदत 45 दिवस. परदेशी मित्रांनी पत्रे लिहिली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, अमेरिकेच्या सरकारनेही नापसंती दाखवली. जाहीरनामा मागे घेतला गेला नाही. बत्तीरची भिंत थांबली खरी, पण ऑगस्ट 2024 मध्ये त्याच बत्तीरच्या परिसरात नव्या वसाहतीला मंजुरी मिळाली.

7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने इस्रायलवर हल्ला केला, सुमारे बाराशे माणसे मारली, आणि गाझाचे भयंकर युद्ध सुरू झाले. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा नेमका जैतुनाचा हंगाम होता. रस्ते बंद, परवाने रद्द. संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्य समन्वय कार्यालयाने त्या साली 96,000 हून जास्त दुनमांवरचे फळ तोडणीविना राहिल्याची नोंद केली आहे. इस्रायलमध्ये मजुरीला जाणाऱ्या लाखाहून अधिक लोकांचे परवानेही गेले. ज्यांनी मजुरीच्या भरवशावर शेत सोडले होते ते पुन्हा बांधावर आले, पण कोणाला बांधापर्यंत जाऊ देतील याचा नेम राहिला नाही. 2024 आणि 2025 च्या हंगामातही हल्ले झाले, आणि मदतीला आलेल्या काही परदेशी स्वयंसेवकांना पकडून देशाबाहेर पाठवण्यात आले.

तरी रोपांची लावणी चालू आहे. जैतुनाचे रोप चार-पाच वर्षांनी फळ दाखवू लागते आणि चांगल्या बहरावर यायला दहा वर्षे जातात. सुलतानाच्या कायद्यात हक्क पक्का व्हायलाही दहाच वर्षे लिहिली आहेत. म्हणून लावणी झाली की काही गट रोपांची संख्या, जागा आणि तारीख टिपून त्याची एक प्रत शेतकऱ्याच्या हाती ठेवतात. तो ती साऱ्याच्या जुन्या पावत्यांबरोबर जपून ठेवतो आणि पहिल्या उन्हाळ्याच्या पाण्याच्या सोयीला लागतो.